हात पोचला तेवढं हिरवं

दादाने पुन्हा माती फेकली. चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या, डाव्या हाताने, मी नुकत्याच पुसलेल्या ट्रेवर.

"दादा, काय लावलंयस तू हे?"

"अगं," दादा म्हणाला.

झटका येऊन गेल्यापासून त्याच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली की अगं, ऊन लागलं की अगं, मुलीचा फोन आला की अगं. वनखात्याचे साहेब रोपं बघायला आले तर त्यांनाही तो भरदार आवाजात "अगं" म्हणाला. ते बिचारे मागे वळून बघायला लागले, आपल्यामागे कोण बाई उभी आहे म्हणून. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. डोकं किती राहिलं आणि किती गेलं हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

मी खुर्चीचा ब्रेक लावला, फडकं पिळलं आणि आधी ट्रेची कड पुसली, मग दादाचा हात घेतला. नखांत गेलेल्या मातीसाठी माझ्याकडे वेगळा ब्रश होता. रोपांच्या बुडाशी पडलेली माती मात्र काढता यायची नाही, कारण रोपं काडीएवढी नाजूक. ती मी झारीने पाणी घालून खाली बसवून टाकायची. रोजचंच झालं होतं हे. मी बोटं घासत असताना दादा माझ्याकडे असा बघायचा, जसा लहानपणी मी त्याची सायकल नेऊन पाडली तेव्हा बघायचा.

माझं सगळं आयुष्य वाफेत गेलं. सव्वीस वर्षं मी हॉस्पिटलात निर्जंतुकीकरणाच्या खोलीत होते. ऑपरेशनची कात्री, चिमटे, कापडं, सगळं माझ्या हाताखालून जायचं आणि जंतूचं नाव राहायचं नाही. नर्स मला पाठीमागे जंतूबाई म्हणायच्या. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. आपण दिलेल्या कात्रीने कुणाची जखम चिघळली नाही, एवढं मी छाती पुढे काढून सांगू शकते. निवृत्त झाले आणि चार महिन्यांत दादाला झटका आला. वहिनी जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी शहरात नोकरीला. माझ्या मागे-पुढे कुणी नव्हतं. मी बॅग भरली आणि इथे आले.

इथे म्हणजे दादाच्या नर्सरीत. उतारावरचं घर, घरामागे हिरव्या जाळीचा मांडव, मांडवात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या मांडण्या आणि त्यांवर ट्रेच ट्रे. दादा तीस वर्षं फक्त पाइनची रोपं करत होता. दर वर्षी बारा हजार. समोरचा उघडाबोडका डोंगर होता, त्याचा खालचा अर्धा भाग त्याच्या रोपांनी झाकला होता आणि वरचा अर्धा अजून राहिला होता. मांडवाच्या पलीकडे त्याने तरुणपणी लावलेली पाइनचीच पाच झाडं होती, आता चांगली मोठी झालेली.

मी आले तेव्हा थंडी होती आणि पेरणी तोंडावर आली होती. आठवडाभर मी फक्त साफसफाई केली. शेडच्या कोपऱ्यात एक पिंप होतं. झाकण उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आत काळी माती, पाइनच्या कुजलेल्या सुया, आणि त्या सगळ्यावर पांढऱ्या बुरशीची जाळी. हॉस्पिटलात असं काही दिसलं असतं तर अख्खी खोली सील केली असती. मी नाकाला पदर लावून ते पिंप खड्ड्यात उपडं केलं, वरून ब्लीचिंग पावडर टाकली आणि पिंप तीन पाण्यांनी धुतलं.

दादा खिडकीतून बघत होता. खुर्चीच्या हातावर मूठ आपटत "अगं, अगं, अगं" असं त्याचं चाललं होतं, चेहरा लालबुंद होईपर्यंत. मी धावत आत गेले आणि त्याला रक्तदाबाची गोळी दिली.

मग मी माती वाफवली. लोखंडी पिंपात जाळी टाकून, खाली पाणी ठेवून, घमेलं घमेलं करून सगळी. बियाणं टाकलं ते या मातीत. रोगाने एकही रोप कोलमडलं नाही. मी भाचीला फोनवर सांगितलं, "तुझ्या बापाच्या नर्सरीत एवढी स्वच्छता कधी बघितली नसशील." ती म्हणाली, "आत्या, तू आहेस म्हणून मला झोप लागते."

डॉक्टरांनी दादाला रोज तासभर उघड्यावर बसवायला सांगितलं होतं. त्या मोठ्या झाडांखाली एक बुटका बाक होता, तिथे मी त्याला खुर्चीतून उतरवून बसवायची. पहिल्या आठवड्यातच संध्याकाळी स्वेटर काढताना त्याच्या दोन्ही खिशांतून माती सांडली. सुयांचा कुजका चुरा, त्यात किडे. मला वाटलं, चुकून गेली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी सुईदोरा घेतला आणि स्वेटरचे दोन्ही खिसे शिवून टाकले. पक्के, दुहेरी दोऱ्याने. दादाने स्वेटर घातला, डावा हात खिशाकडे नेला, बोटांनी शिवण चाचपली आणि हात मांडीवर ठेवला. तो त्या वेळी अगंसुद्धा म्हणाला नाही.

त्यानंतर तो मुठीतून माती आणायला लागला. घट्ट मूठ. उघडायला गेले तर उघडू द्यायचा नाही. झाडांखालून घरी परतताना खुर्ची मांडवातल्या पायवाटेने यायची, आणि डाव्या बाजूची मांडणी आली की हात लांब करून फेकायचा. थंडी गेली, स्वेटर पेटीत गेला, तरी फेकणं सुरूच.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. इथेच माझी चूक झाली, आणि ती मी नाकारत नाही. एकदा नाही, दर रविवारी फोनवर सांगितलं. "आज पण फेकली गं. मुठीत किडा होता. तोंडात घालेल एखाद दिवशी, मला भीती वाटते."

एका रविवारी तिने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "आत्या, मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माती फेकणं, खिशात भरणं, ही भान सुटल्याची लक्षणं असतात. इथे एक संस्था आहे. चांगली आहे, नर्स असतात. नर्सरीचं यंदाचं एवढं होऊ दे, मग मी बाबांना घेऊन जाते."

"आणि नर्सरी?"

"बंद करायची. तू तरी किती दिवस करणार? आणि कुणासाठी?"

 दादा मांडवापासून लांब, चौथ्या मजल्यावरच्या कुठल्या तरी खोलीत बसलेला मी मनात आणून बघितला आणि लगेच दुसऱ्या कामाला लागले.

उन्हाळा उतरणीला लागला आणि रोपं बिघडायला लागली. आधी वाढ थांबली, बोटभर उंचीवरच. मग सुया पिवळ्या पडल्या, आणि पिवळ्यावर एक जांभळट कळा आली. मी खत वाढवलं, पाणी कमी केलं, पाणी जास्त केलं, जाळी सरकवली. काही उपयोग नाही. रोग म्हणावा तर कुठे डाग नाही, कीड नाही. सगळं स्वच्छ, आणि स्वच्छ मातीत रोपं उभ्या उभ्या उपाशी असल्यासारखी. 

सोमवारी वनखात्याचे साहेब आले. उन्हाळा असो की थंडी, या माणसाच्या गळ्यात मफलर असायचाच, म्हणून आम्ही त्यांना मफलरसाहेब म्हणायचो. ते दारातच थांबले. दाराजवळचं एक रोप उचलून उजेडात धरलं आणि परत ठेवलं.

"बाई, ही रोपं डोंगरावर एक महिना टिकणार नाहीत."

"काय झालंय यांना?"

"ते तुमच्या भावाला विचारायला हवं होतं, पण आता..." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "मी पंधरा दिवसांनी येतो. काही फरक दिसला तर बघू. नाहीतर यंदा तुमची नर्सरी आमच्या खरेदीच्या यादीतून काढावी लागेल. माझा नाइलाज आहे."

दादाने खिडकीतून ऐकलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते मी पाच महिन्यांत करून दाखवलं होतं.

मंगळवारी सकाळी मी मेलेली रोपं वेचायला गेले. नेहमी घराच्या बाजूने आत शिरते आणि तिकडच्या पिवळ्या रोपांतच अडकते, त्या दिवशी कचऱ्याची टोपली झाडांकडे होती म्हणून त्या बाजूने आले. ऊन नुकतंच तिरपं आत येत होतं. आणि डाव्या हाताच्या मांडणीवर मला एक हिरवा पट्टा दिसला.

पायवाटेच्या कडेने, दीडेक फूट रुंद. त्यातली रोपं माझ्या वीतभर उंच, सुया ताठ, गडद हिरव्या. पट्ट्याच्या पलीकडे, त्याच ट्रेमध्ये, पिवळी जांभळी मरतुकडी. पट्टा झाडांकडच्या टोकाला दाट होता, पुढे विरळ होत गेला आणि नवव्या ट्रेपाशी संपला.

नळी गळत असेल, असं मला आधी वाटलं. नळी कोरडी होती. ऊन जास्त येत असेल म्हणावं, तर उजवीकडच्या मांडणीवर तेवढंच ऊन आणि तिथे एक हिरवं रोप नाही. मी टोपली खाली ठेवली. चाकाची खुर्ची मांडवाच्या दाराशी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी खुर्ची पहिल्या ट्रेपाशी आणली, तिच्यात बसले आणि डावा हात लांब केला.

बोटं पोचली त्याच्या दोनच बोटं पुढे हिरवं संपत होतं, आणि दादाचा हात माझ्यापेक्षा तेवढाच लांब.

हात तसाच धरून मी चाक पुढे ढकललं. दुसरा ट्रे, तिसरा ट्रे. बोटांच्या टोकापुढे तेवढ्याच अंतरावरून ती हिरवी-पिवळी रेघ सरकत होती. नवव्या ट्रेपाशी थांबले. तिथे त्याची मूठ रिकामी होत असणार.  एवढे महिने मी ज्याला वेड समजून घासून काढत होते, ते तिथे रांगेने उगवून आलेलं होतं.

मी दोन रोपं काढली, एक पट्ट्यातलं, एक पलीकडचं. घरात नेऊन पसरट भांड्यात पाणी घेतलं आणि मुळं धुतली. चिमट्यांच्या टोकाला कुठे काही चिकटलंय का ते बघायचं माझं जुनं भिंग होतं, ते काढलं. पिवळ्या रोपाचं मूळ एका धुण्यात स्वच्छ झालं. लांबट, गुळगुळीत, बोडकं. मी वाफवलेल्या मातीला शोभेल असं. हिरव्या रोपाचं मूळ काही केल्या माती सोडेना. भिंगातून बघितलं तर त्या मुळाला जागोजागी आखूड फाटे फुटले होते, गलोलीच्या बेचकीसारखे, आणि प्रत्येक फाट्याला पांढरं मऊ कोंदण. त्या कोंदणातून केसांहून बारीक धागे निघून मातीच्या कणाकणाला जाऊन चिकटले होते. पांढरे धागे. पिंपातल्या त्या बुरशीच्या जाळीचे.

मी दोन्ही रोपं हातात घेऊन दादाच्या खोलीत गेले. त्याच्यासमोर धरली.

"दादा, तू हे करत होतास?"

त्याने हिरव्या रोपाच्या मुळाला बोट लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"अगं," तो म्हणाला. हळू, लांब, दमून गेलेल्या माणसासारखं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडाची एक बाजू हसली.

माझा जीव भांड्यात पडला. रोपं वाचतील की नाही हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा नव्हतं. दादा आत होता. सगळाच्या सगळा आत होता, आणि पाच महिने बंद दारावर आतून थापा मारत होता. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी रडले, आणि त्याने मातीच्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. तो हात मी धुतला नाही. केस मात्र दुसऱ्या दिवशी धुतले.

त्याच दुपारी त्याला खुर्चीतून झाडांपाशी नेलं. मी पहिल्या झाडाखाली घमेलं टेकवलं तर त्याने मान हलवली. दुसऱ्याखालीही नाही. तिसऱ्याच्या सावलीच्या कडेला, वरच्या सुया बाजूला सारून, त्याने बोट दाखवलं तिथली माती घेतली. चार दिवस मी ती रोपारोपाच्या बुडाशी चिमूट चिमूट घालत होते. मेली होती ती साडेतीन हजार. ती परत येणार नव्हती.

मफलरसाहेब पंधरा दिवसांनी येणार होते, त्यांना मी फोन करून पाचव्या दिवशीच बोलावलं. पट्टा बघून त्यांनी एक हिरवं रोप उपसलं आणि मूळ उजेडात धरलं.

"बाई, तुम्ही झाडाखालची माती घातलीच नव्हती? दर वर्षी भाऊ पिंप भरून ठेवायचे, म्हणून मी विचारलंसुद्धा नाही."

"मी ब्लीचिंग घालून फेकली."

त्यांनी ते मूळ माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "मूळ एकटं कुठवर पोचणार? बोटभर. त्याच्यापुढचं काम ती बुरशी करते. हे धागे पार लांब जातात, मातीतलं खाणंपिणं उचलून मुळाला आणून देतात. मूळ त्यांना साखर देतं. पाइनचं तर यांच्याशिवाय पान हलत नाही. तुमच्या वाफेत रोगाचे जंतू मेले ते ठीकच, पण हे घरचेही गेले."

"म्हणजे विरजणच मी ओतून दिलं."

"तसंच म्हणा." त्यांनी मफलर सारखा केला, खुर्चीतल्या दादाकडे वळून त्याचा डावा हात हातात घेतला. "भाऊ, थंडीपर्यंत थांबतो मी."

"अगं," दादा म्हणाला. या वेळी साहेबांनी मागे वळून बघितलं नाही.

रविवारी भाची आली. हातात प्लास्टिकची फाइल, चेहरा रस्ताभर स्वतःला समजावत आल्यासारखा.

"आत्या, मला काही समजावू नकोस. माझं ठरलंय. फॉर्म भरून आणलाय."

"समजावत नाही. त्या खुर्चीत बस."

"काय?"

"बस म्हणते ना."

ती कुरकुरत बसली. मी खुर्ची पहिल्या ट्रेपाशी नेली आणि तिला डावा हात लांब करायला सांगितला. ती माझ्यासारखी बुटकी नाही, बापाच्या हाडापेराची आहे. तिची बोटं माझ्यापेक्षा पुढे गेली आणि बरोबर शेवटच्या हिरव्या रोपावर टेकली. मी खुर्ची ढकलत राहिले. चौथ्या ट्रेपाशी तिने चाकावर हात ठेवून खुर्ची थांबवली.

"रोज फेकायचे ते... हे?"

"हो. माती फेकतो, भान सुटलंय, असं मी तुला सांगितलं. अख्ख्या घरात भान असलेला तो एकटाच होता गं."

तिने फाइल उघडली. फॉर्मवर एक ओळ होती, रुग्णाला आजूबाजूच्या परिस्थितीचे भान आहे का. पुढे दोन चौकोन. 'नाही'च्या चौकोनात तिने घरूनच खूण करून आणली होती. ती तिने बराच वेळ बघितली. मग फॉर्म काढून चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला. दादाच्या खोलीत जाऊन त्याच्या पायाशी बसली.

"बाबा, मला माफ करा. मी तुम्हाला न विचारताच ठरवलं."

दादा अगं म्हणाला आणि तिची मूठ उघडून बघितली. रिकामी होती. त्याने खिडकीबाहेर झाडांकडे बोट दाखवलं, आणि भाची ऑफिसचे कपडे घालून घमेलं घेऊन गेली. तिसऱ्या झाडाखाली. मी तिला मागून सांगितलं की वरच्या सुया आधी बाजूला सार. काम शिकल्याला पाच दिवस नाही झाले आणि मी उस्तादासारखी बोलत होते.

रोपं एका दिवसात सुधारली नाहीत. तीन आठवडे काहीच दिसलं नाही, तेव्हा माझी पुन्हा पाचावर धारण बसली. मग एके सकाळी उजवीकडच्या मांडणीवर शेंड्याच्या सुया हिरव्या दिसल्या. मी चष्मा पुसून पुन्हा बघितल्या. दोन महिन्यांत पट्टा कुठे होता तेही ओळखू येईना. थंडीच्या सुरुवातीला मफलरसाहेबांचा ट्रक आला आणि साडेआठ हजार रोपं डोंगरावर गेली. नेहमीपेक्षा साडेतीन हजार कमी. दादा दाराशी बसून एकेक ट्रे जाताना बघत होता.

ट्रक गेल्यावर वारं सुटलं. मी पेटीतून दादाचा स्वेटर काढला आणि त्याच्या अंगात घातला. त्याचा डावा हात आपसूक खिशाकडे गेला आणि तिथेच अडला.

मी विसरलेच होते. माझीच शिवण, दुहेरी दोरा, बारीक टाके. सव्वीस वर्षं हात स्थिर ठेवायची सवय, त्यामुळे एक टाका सैल नाही. मी कात्री आणली, त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि एकेक टाका कापत गेले. लोकर दुखावू नये म्हणून सावकाश. दादा मान खाली घालून बघत होता. दोन्ही खिसे मोकळे झाल्यावर मी दोऱ्याचे तुकडे वेचले आणि शिवणीच्या जागी बोट फिरवून लोकर सारखी केली.

त्याने डावा हात खिशात घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.